भूकंपाने हललेला डोंगर पावसाळ्यात काय करतो? (गोरखा २०१५ आणि दरडींचे नकाशे)

शिलाखंड | गुरु, १०/०७/२०२५ - २२:०८

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आता उपग्रह आहेत, दरडींचे नकाशे बसल्या जागी होतात." तिथे उत्तर द्यायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की धागा हायजॅक केल्याचा आरोप झाला असता. म्हणून इथे.

मी भूविज्ञानाची. शिक्षण पुण्यात, पोटापाण्याचं काम उपग्रहांची छायाचित्रं वाचणं. नेपाळच्या भूकंपानंतर आधी पुण्यात बसून आणि नंतर दोन हंगाम सिंधुपाल्चोक जिल्ह्यात फिरून दरडी मोजल्या. (तिकडे दरडीला 'पहिरो' म्हणतात. हा शब्द तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही येतो, यातच काय ते आलं.)

२५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं. तीव्रता ७.८, केंद्र गोरखा जिल्ह्यातलं बारपाक. मग १२ मे रोजी पूर्वेकडे दोलखाच्या बाजूला ७.३चा दुसरा. मिळून जवळपास ९,००० माणसं गेली. मी पहिल्याच रात्री बारपाकभोवती वर्तुळं काढली, आतल्या वर्तुळात जास्त दरडी, बाहेर कमी, असं गृहीत धरून. साफ चूक. भूकंपाचं केंद्र म्हणजे प्रस्तर फुटायला जिथे सुरुवात झाली ती जागा. कापड फाडताना पहिली चीर एका टोकाला देतो आणि मग ते टरटरत दुसऱ्या टोकापर्यंत जातं, तसा हा प्रस्तर बारपाकपासून पूर्वेला सुमारे १४० किलोमीटर फाटत गेला. दरडींची दाटी झाली ती रसुवा, नुवाकोट, सिंधुपाल्चोक, दोलखा या पट्ट्यात. माझी वर्तुळं गेली कचऱ्यात. तेव्हापासून कुठल्याही भूकंपानंतर वर्तमानपत्रात गोल गोल वर्तुळांचा नकाशा दिसला की मला ती रात्र आठवते.

आता नकाशा कसा करतात ते. भूकंपाआधीचं चित्र, नंतरचं चित्र, दोन्ही शेजारी ठेवायची. ताजी दरड खरचटलेल्या गुडघ्यासारखी दिसते, हिरवं गेलेलं आणि आतलं उघडं पडलेलं. ऐकायला सोपं आहे. पण एप्रिल-मे म्हणजे डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेतांतला गहू निघालेला, ती शेतंही तशीच उघडी. नदीकाठची वाळू तशीच, नवा कापलेला रस्ता तसाच, उत्तरेकडच्या उतारावर सावली, आणि उरलेल्यावर ढग. आज ज्याच्यावर आपण विसंबून असतो तो सेंटिनेल-२ उपग्रह तेव्हा आकाशात गेलेलाच नव्हता. तो उडाला २३ जून २०१५ला, भूकंपानंतर दोन महिन्यांनी! तेव्हा अनेक देशांच्या उपग्रहांची चित्रं आपत्तीच्या करारानुसार मोफत मिळाली, ती तुकड्यातुकड्याने, ढगांच्या फटींतून. पहिल्या आठवड्यांत जगभरच्या स्वयंसेवी संशोधकांनी मिळून चारेक हजार दरडी नोंदल्या. पुढे सावकाश, जास्त बारकाव्याच्या चित्रांवर काम झालं तेव्हा आकडा २५,०००च्या आसपास गेला. म्हणजे ज्या नकाशावर मदतीचे आणि रस्त्यांचे निर्णय झाले, त्यात दर सहा दरडींतली एक होती. मोठ्या होत्या, लहान सुटल्या.

दुसरी गंमत. शेजारी शेजारी कोसळलेल्या पाच दरडी खाली एकाच ओढ्यात उतरल्या तर घाईत माणूस पाचांना मिळून एकच पॉलिगॉन (नकाशावर दरडीभोवती आखलेली बंद आकृती) काढतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, पण घनफळ क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढतं, कारण मोठी दरड खोलही असते. त्या एका आळसामुळे कागदावर मलब्याचा आकडा दुप्पटही होऊ शकतो. म्हणून दरड सुटली ती जागा, घसरली ती वाट आणि थांबली तो ढीग, हे तिन्ही वेगळे काढायचे असतात. रात्री दोन वाजता कुणीही काढत नाही.

पण एवढं सगळं अगदी नीट केलं, तरी हातात येतो तो पडलेल्या दरडींचा नकाशा. तो झाला पंचनामा. गावकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: जी पडली नाही ती कधी पडणार?

पावसाची दरड बहुधा उताराच्या खालच्या अंगाला सुटते, ओढ्याने पायथा खाल्लेला असतो, पाणी तिथेच साचतं. भूकंपाची दरड वर सुटते, माथ्याजवळ, सोंडेवर, कारण लाटा डोंगरात शिरून टोकाकडे जास्त हलवतात. माथ्यावरून सुटलेला मलबा सगळाच्या सगळा नदीपर्यंत येत नाही. अर्ध्या उतारावर, घळीत अडकून बसतो. आणि ज्या सोंडा पडल्या नाहीत त्यांना भेगा पडतात, वीतभर रुंद, शंभर-दोनशे मीटर लांब, गवताखाली आणि झाडाखाली. वरून काही दिसत नाही. मग जूनमध्ये पाऊस येतो.

मी ज्या गावात राहिले तिथल्या एका आजींनी मला त्यांच्या मक्याच्या शेतातली भेग दाखवली. त्यात त्यांनी बांबू खोचून ठेवला होता. माझ्या लॅपटॉपवर तो उतार हिरवा होता, म्हणजे 'बदल नाही'.

---

भटक्या७२ | गुरु, १०/०७/२०२५ - २३:३१

वाचनखूण साठवली आहे. २०१८ला नेपाळात लांगटांगचा ट्रेक केला होता. २०१५च्या भूकंपात गाडल्या गेलेल्या जुन्या गावाच्या जागी नुसतं दगडांचं माळरान, त्यावरून पायवाट जाते. चालताना गाईड म्हणाला, "खाली गाव आहे." आम्ही आठ जण, कुणी अर्धा तास बोललं नाही. एक घर तेवढं उरलंय, कड्याच्या पोटात असलेलं. तीही दरडच का? काहीजण हिमस्खलन म्हणतात.

---

शिलाखंड | शुक्र, ११/०७/२०२५ - ०७:५२

@भटक्या७२, दोन्ही. वरून बर्फ आणि खडक एकत्र सुटले. कड्यावरून खाली आपटल्यावर त्यांनी पुढे ढकललेल्या हवेचा झोत इतका होता की समोरच्या उतारावरची झाडं आडवी झाली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली त्या एका जागी. २५,००० पॉलिगॉनपैकी हा एक. म्हणून 'अमुक हजार दरडी' या आकड्याचा मला कंटाळा येतो. बाकीच्या कितीतरी जिथे पडल्या तिथे चिटपाखरूही नव्हतं.

---

बायनरी_बाळू | शुक्र, ११/०७/२०२५ - ११:१५

लेख छान, पण थोडा २०१५मध्ये अडकलाय असं वाटलं. आता डीप लर्निंगने हे काम काही तासांत होतं. जगभरच्या जुन्या दरडींवर मॉडेल शिकवायचं, नवीन भूकंप झाला की चित्र टाकायचं, पॉलिगॉन तयार. ढग असतील तर रडार. माणसाने रात्री दोनला पॉलिगॉन काढायची गरजच काय?

---

माजघर | शुक्र, ११/०७/२०२५ - ११:४०

बाळू, आजींच्या मक्यातला बांबू पण मॉडेलला दाखवा म्हणावं.

---

शिलाखंड | शुक्र, ११/०७/२०२५ - २१:२६

माजघर, :)

बाळू, चेष्टा बाजूला ठेवू, तुमचं निम्मं बरोबर आहे. रडारचा मुद्दा तर पूर्णच. ढगातून दिसतं, रात्री दिसतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत 'कुठल्या खोऱ्यात जास्त पडझड' एवढं कळलं तरी हेलिकॉप्टर कुठे पाठवायचं ते ठरतं. मॉडेलही आम्ही वापरतो. फक्त चीनच्या सिचुआनमधल्या दरडींवर शिकलेलं मॉडेल नेपाळवर सोडलं की ते पायऱ्यांची शेतं दरडी म्हणून देतं. मग माणूस बसतो रात्री दोनला ती पुसत. काढण्याऐवजी पुसणं, हमाली तीच.

पण मुद्दा तो नाहीच. मॉडेल शिकतं ते पडलेल्या दरडीवर. न पडलेल्या भेगेचं चित्रच नसेल तर शिकणार काय? रडारच्या दोन वेळच्या लहरींमधला फरक काढून मंद सरकणारे उतार सापडतात हे खरं, सेंटीमीटरमधली हालचाल कळते. पण दाट जंगलात ते तंत्र लंगडं पडतं, उतार उपग्रहाच्या नजरेच्या चुकीच्या बाजूला असला तर दिसतच नाही, आणि झटकन सुटणारी दरड आधी सरकून सूचना देईलच असं नाही.

---

अण्णा_रस्तेवाले | शनि, १२/०७/२०२५ - ०९:०३

मी निवृत्त स्थापत्य अभियंता, उभी हयात घाटरस्त्यांवर गेली. ताईंनी छान लिहिलंय, पण 'पुढे कुठे पडेल' याची काहीच पद्धत नाही असा समज होईल, तो नको. आमच्या वेळेपासूनची गोष्ट आहे: न्यूमार्क नावाच्या अभियंत्यांनी १९६५मध्ये मांडलेली. उतरत्या फळीवर वीट ठेवा. फळी स्थिर आहे तोवर घर्षण विटेला धरून ठेवतं. फळीला धक्के द्या. धक्का एका मर्यादेपलीकडे गेला की वीट तेवढ्या क्षणापुरती सरकते, धक्का ओसरला की थांबते. सगळ्या धक्क्यांची मिळून वीट किती सेंटीमीटर सरकली ते मोजा. डोंगराचा उतार, मातीची पकड, पाण्याचं प्रमाण आणि हादऱ्याची नोंद एवढं असलं की प्रत्येक चौकटीला असा आकडा देता येतो. जास्त सरकली तिथे लाल, कमी तिथे हिरवा.

आणि एक राहिलं. नेपाळात २०१५ नंतर गावोगाव बुलडोझर लावून रस्ते काढले. ना गटार, ना संरक्षक भिंत, काढलेली माती सरळ खाली लोटून दिलेली. पुढच्या पावसाळ्यांतल्या किती दरडी भूकंपाच्या आणि किती डोझरच्या, हे तुमच्या नकाशात कळतं का?

---

शिलाखंड | शनि, १२/०७/२०२५ - १४:४७

अण्णा, शेवटचा प्रश्न दुखऱ्या जागी लागला. नाही कळत. पूर्ण तर नाहीच. दरडीचा माथा रस्त्याच्या कडेलाच असेल तर आम्ही वेगळी खूण करतो, पण भूकंपाने सैल केलेल्या उतारावर डोझर चालला तर पाप कुणाच्या खात्यात मांडायचं? पावसाचं, हादऱ्याचं आणि रस्त्याचं खातं वेगळं करता आलं असतं तर निम्मे शोधनिबंध लिहायची गरज पडली नसती.

न्यूमार्कची वीट मी मुद्दाम टाळली होती, कारण तिच्यात मातीची पकड घालावी लागते आणि हिमालयात ती मोजलेली नसते. एका अख्ख्या खडकप्रकाराला एकच आकडा देतात. नकाशा सुंदर निघतो. पण तुलनेसाठी वीट उत्तम, हे मान्य: हा उतार त्या उतारापेक्षा वाईट, इतपत बोलायला.

शब्दांचाही घोळ आहे. 'संवेदनशील' म्हणजे इथे पडू शकते. 'धोका' म्हणजे इतक्या काळात इतकी मोठी पडण्याची शक्यता किती. 'जोखीम' म्हणजे पडली तर कोण आणि काय सापडेल. बहुतेक सरकारी नकाशे पहिल्या पायरीवर असतात आणि वाचले जातात तिसऱ्या पायरीचे म्हणून. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४पासून देशभर असे नकाशे केले, सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर दरडप्रवण भागाचे, १:५०,००० प्रमाणात. काम मोठं आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण त्या प्रमाणात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. अख्खी वाडी करंगळीच्या नखात मावते. वाडीच्या वरच्या अंगाला राहावं की खालच्या, हे त्या नकाशाला विचारू नये.

आणि भूकंपानंतर तर तो नकाशा शिळा होतो. चीनमधल्या वेंचुआनच्या भूकंपाचं बघा: १२ मे २००८, ७.९, आणि दरडी जवळजवळ दोन लाख. तांगजियाशानला नदी अडून तलाव झाला, लष्कराने चर खणून जूनमध्ये पाणी सोडलं, जगभर कौतुक झालं. ते संपलं असं वाटलं. मग ऑगस्ट २०१०च्या पावसात घळींमध्ये साठलेला तोच मलबा चिखलाचा लोंढा होऊन पुन्हा बांधलेल्या वस्त्यांवर आला. ऑगस्ट २०१९मध्येही पुन्हा. अकरा वर्षांनी! नव्या दरडी पडण्याचं प्रमाण साधारण एक ते चार वर्षांत ओसरतं असा अनेक भूकंपांचा अनुभव आहे. उतार भरून येतो, गवत धरतं. पण घळीतला ढीग वर्षं मोजत बसत नाही, तो एका मोठ्या पावसाची वाट बघत असतो. म्हणून उताराचा नकाशा आणि घळीचा नकाशा वेगळे करावेत, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावेत, असं माझं मत. पैसे मात्र पहिल्या वर्षीच संपतात.

---

ओसाकाकर | शनि, १२/०७/२०२५ - १९:२०

जपानमधून थोडी भर. इथे नकाशा बदलायची वाट बघत नाहीत, इशाऱ्याची पातळी खाली आणतात. जोराचा हादरा बसलेल्या भागात दरडीचा इशारा नेहमीच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर देतात, अजून जोराचा बसला तिथे ७० टक्क्यांवर. म्हणजे भूकंपाआधी जेवढ्या पावसाला तुम्ही निवांत होतात, तेवढ्याच पावसाला आता फोन वाजतो. नंतरच्या पावसाळ्यांचा अनुभव बघून ती पातळी हळूहळू पूर्ववत करतात.

नोतो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ला भूकंप झाला आणि २१ सप्टेंबरला तिथेच अतिवृष्टी. भूकंपात घर गेलेल्यांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं. सपाट जागा मुळातच कमी, जी मिळाली ती नदीकाठची.

---

माजघर | शनि, १२/०७/२०२५ - २०:०५

जागेवरून विचारते, ताई. ज्या गावांना धोका आहे तिथली माणसं हलत का नाहीत? की हलवत नाहीत?

---

शिलाखंड | रवि, १३/०७/२०२५ - ०८:३४

नेपाळमध्ये भूवैज्ञानिकांनी वस्त्या बघून तीन वर्ग केले: १ सुरक्षित, २ म्हणजे भिंत-गटार वगैरे केलं तर राहता येईल, ३ म्हणजे हलवाच. तिसऱ्या वर्गाला घराच्या तीन लाखांखेरीज जमिनीसाठी दोन लाख नेपाळी रुपये मिळत. त्या पैशांत रस्त्याकडेला घराएवढा तुकडा येतो. शेत, गोठा, चारा आणि गावदेव वरच राहतात. मग माणसं खाली झोपतात आणि दिवसा वर जातात. काही दिवसांनी म्हातारी माणसं वरच झोपायला लागतात. मी त्यांना शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडले नाही.

सिंधुपाल्चोकमधल्या लिडी गावावर १४ ऑगस्ट २०२०ला दरड आली, तीसहून जास्त माणसं गेली. वरच्या उताराच्या भेगा लोकांना २०१५पासून माहीत होत्या.

उलटंही आहे. काली गंडकीच्या खोऱ्यात, म्याग्दी जिल्ह्यात, २४ मे २०१५ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आख्खा डोंगर नदीत आला. ही जागा फुटलेल्या पट्ट्याच्या पश्चिमेला, आमच्या कुणाच्याच यादीत वर नव्हती. पण दगड सुटतायत, धूळ उडतेय हे बघून लोक आधीच बाहेर पडले होते. नदी पंधराएक तास तुंबली, मग वरून वाहून गेली. जीव वाचले ते डोळ्यांमुळे.

---

कुंभार्ली | रवि, १३/०७/२०२५ - १०:११

मी पाटण तालुक्यातला. आमच्याकडे कोयनेचे हादरे लहानपणापासून, भांडी वाजली की आजी म्हणायची "कोयना कूस बदलतेय." २०२१ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी पडल्या. गावात अर्धे लोक म्हणतात हादऱ्यांनी डोंगर पोकळ झालाय. खरं का? आमच्या वाडीच्या वर पण यंदा एक चीर दिसतेय, पन्नासेक पावलं लांब.

---

अण्णा_रस्तेवाले | रवि, १३/०७/२०२५ - ११:२९

११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप मोठा होता, ६.३च्या वर. त्याने कडे सुटले असणारच. पण रोजचे तीन-साडेतीनचे धक्के डोंगर पाडत नाहीत, साधारण चारच्या खाली दरड सहसा सुटत नाही. २०२१ला २२ ते २३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला होता. एवढ्या पावसाला हादऱ्याची मदत लागत नाही. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, सगळी पावसाचीच.

---

शिलाखंड | रवि, १३/०७/२०२५ - १२:१८

अण्णांशी सहमत. आपल्या कातळावर मातीचा जाड थर, मध्ये कुठे लाल गेरूचा थर, पाणी मुरून तिथे अडतं आणि वरचं सगळं उचलल्यासारखं सुटतं. हादऱ्यांनी आधीच्या भेगा थोड्या सैल केल्या असतील का, याचं ठाम उत्तर मला देता येत नाही आणि देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

@कुंभार्ली, तुमच्या चिरेला मात्र कारण कुठलंही असो, तिचं वागणं एकच. आज हे करा: चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी खुंट्या पक्क्या ठोका, प्रत्येकीच्या डोक्यावर करवतीने खाच पाडा, खाच ते खाच टेपने मोजा. तारीख, वेळ, आकडा वहीत. रोज. चिरेत पाणी शिरू नये म्हणून वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूला वळवा, चीर मातीने दाबून वर प्लास्टिक टाका. खालच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं, अचानक वाढलं किंवा आटलं, घराचं दार चौकटीत अडकायला लागलं, पोल कलले, तर आकड्याची वाट बघू नका, रात्र असली तरी बाहेर पडा. आणि तहसीलला लेखी द्या, पोचपावती घ्या.

---

कुंभार्ली | सोम, २१/०७/२०२५ - १८:४४

खुंट्या ठोकल्या. अर्ज दिला, बघून जातो म्हणालेत. आठ दिवसांचे आकडे: १४२.०, १४२.०, १४२.१, १४२.०, १४२.३, १४२.३, १४२.९, १४३.४ सेंटीमीटर. शेवटचे दोन दिवस पाऊस लागून आहे.

---

शिलाखंड | सोम, २१/०७/२०२५ - १८:५१

शेवटचे दोन आकडे त्याच टेपने, खाच ते खाच घेतलेत का?

---

कुंभार्ली | सोम, २१/०७/२०२५ - १८:५८

हो. टेप तोच, मोजणारा मीच.

---

शिलाखंड | सोम, २१/०७/२०२५ - १९:००

मग आज खालची घरं शाळेत झोपू देत. तहसीलदारांना मी पण फोन लावते, नंबर व्यक्तिगत निरोपात द्या.